सूतिकागृहाचं छप्पर

शनिवार पेठेतल्या त्या दुमजली इमारतीला लोक शेवटपर्यंत सूतिकागृहच म्हणत राहिले. खरं तर तिथलं शेवटचं बाळंतपण एकोणीसशे शहाऐंशी साली झालं होतं. इमारत त्याच्याही साठ वर्षं आधीची, लोकवर्गणीतून उभी राहिलेली. पेठेतल्या निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी तिथं जन्मलेलं. खाली विटांच्या जाड भिंती, वर सागवानी तक्तपोशी आणि त्यावर मंगलोरी कौलांचं छप्पर.

मंदाकिनी दातार तिथं सोळा वर्षं परिचारिका होत्या. सूतिकागृह बंद पडल्यावर त्या महापालिकेच्या दवाखान्यात गेल्या, पण इमारतीशी संबंध सुटला नाही. ट्रस्टचं काम करायला नवं कोणी मिळेना, तेव्हा विश्वस्तांनी त्यांनाच चिटणीस केलं. त्यांनी लग्न केलं नव्हतं. सकाळी दवाखाना, संध्याकाळी सूतिकागृहाच्या ओसरीवर तासभर बसणं, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

इमारत काही रिकामी नव्हती. खालच्या वॉर्डात शालन तिमांडे पोळी-भाजी केंद्र चालवायची. शालन मूळची वर्ध्याकडची. नवऱ्यानं पिंपरीच्या कारखान्यात नोकरी धरली म्हणून ती पुण्याला आली. पुढं नवरा दुसरीकडं राहायला गेला आणि ती इथंच राहिली. पंच्याण्णव साली दोन बायका घेऊन तिनं शेगड्या मांडल्या. दहा-बारा वर्षांत चौदा बायका झाल्या आणि दिवसाला तीनशे डबे जायला लागले. स्पर्धा परीक्षांना बसायला विदर्भातून आलेली मुलं, कॉम्प्युटर कंपन्यांत लागलेली एकटी मुलंमुली, सगळी शालनची गिऱ्हाइकं. वरच्या मजल्यावर त्यातल्याच काही मुलांची अभ्यासिका होती. ट्रस्ट नाममात्र भाडं घ्यायचा.

छप्पर मात्र गळत होतं. मागच्या भिंतीला खालून वर एक भेग गेली होती. महापालिका दर वर्षी नोटीस पाठवायची. ट्रस्टचे अध्यक्ष गोपाळकृष्ण बर्वे, बँकेतून निवृत्त झालेले, वयाची पंचाहत्तरी ओलांडलेले. ते म्हणायचे, "दिवाळी अंक एक वेळ उशिरा येतील, ही नोटीस उशिरा नाही यायची." आणि नोटीस फायलीला लावायचे.

दोन हजार सातच्या हिवाळ्यात दिग्विजय नावाचा एक तरुण ओसरीवर आला. खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं समाजकार्यासाठी फाउंडेशन काढलं होतं, त्याचं काम तो बघायचा. त्याच्याबरोबर नम्रता होती, जुन्या इमारतींची दुरुस्ती करणारी आर्किटेक्ट. तिनं तीन तास इमारत पाहिली, तुळयांवर ठोकून आवाज ऐकला, भिंतीचा गिलावा नखानं खरवडला. दिग्विजय फोटो काढत होता. कंपनीला पुण्यातली एक ऐतिहासिक वास्तू दत्तक घ्यायची होती, म्हणाला. संपूर्ण खर्च फाउंडेशनचा.

बर्वे पहिल्यांदा हसले आणि मग रोज फोन करून कंपनीकडून काही कळलं का असं विचारू लागले. मंदाकिनीबाईंची तर झोप उडाली. इतकी वर्षं बादल्या लावत आलेल्या इमारतीला कोणीतरी हात जोडून पैसे द्यायला येतं, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

करार इंग्रजीत आला. त्यात दोन अटी होत्या. काम चालू असताना इमारत पूर्ण रिकामी हवी, आणि काम झाल्यावर लाकडी वास्तूत आग पेटवायची नाही. खालचा वॉर्ड सर्वांसाठी खुला राहील, तिथं प्रदर्शनं होतील, व्याख्यानं होतील. स्वयंपाकासाठी मागच्या अंगणात वेगळं पक्कं शेड बांधण्याचा विचार केला जाईल, असं एक वाक्य शेवटच्या पानावर होतं.

शालनला मंदाकिनीबाईंनीच ते वाचून दाखवलं. शालन सहावी शिकलेली, पण तिनं नेमकं बोट ठेवलं. "विचार केला जाईल म्हणजे बांधतील का, सिस्टर?"

"बांधतील. मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणून तर विचारते."

बायकांची मनं वळवायला पंधरा दिवस लागले. सगळ्यांत जास्त विरोध सरुबाईचा होता. सरुबाई मुळशीकडची, साठीला आलेली, केंद्रात पोळ्या लाटायला बसायची. तिचा एकुलता एक मुलगा संपत याच वॉर्डात जन्मला होता, मंदाकिनीबाईंच्या हातावर. ती म्हणाली, जागा सोडली की गेली, आमच्या गावात धरण आलं तेव्हाबी असंच सांगितलं हुतं. मंदाकिनीबाई तिच्या घरी दोनदा गेल्या. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा सरुबाईच म्हणाली, तुम्ही म्हणताय तर उठतो, तुमचा सबुद हाय.

तात्पुरती सोय म्हणून मागच्या अंगणात पत्र्याचं शेड घातलं. जागा मंदाकिनीबाईंनी ठरवली. पाण्याचा नळ मागच्या भिंतीला होता, म्हणून शेडही भिंतीलगतच घेतलं. अभ्यासिकेतली मुलं दुसरीकडं पांगली. दोन हजार आठच्या गणपतीनंतर काम सुरू झालं आणि नोव्हेंबरात छप्पर उतरवलं गेलं. कौलं एकेक करून खाली आली, अंगणात रचली गेली. सागवानी वासे नंबर घालून ओळीनं ठेवले. नम्रता दिवसभर डोक्याला ओढणी गुंडाळून उभी असायची. मंदाकिनीबाईंनी पहिल्यांदाच वरच्या मजल्यावरून उघडं आभाळ पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. ऊन थेट बाळंतिणीच्या खोलीत पडलं होतं. वर्षभरात सगळं नवं होणार होतं.

जानेवारीत फाउंडेशनचं पत्र आलं. अमेरिकेत बँका बुडाल्या होत्या, कंपनीचं मोठं गिऱ्हाईक गेलं होतं. आर्थिक परिस्थितीचा फेरआढावा घेईपर्यंत पुढचा हप्ता स्थगित. ठेकेदारानं आठवडाभर वाट पाहिली आणि माणसं काढून घेतली.

मंदाकिनीबाईंनी आधी फोन केले. मग एके दिवशी बस बदलत खराडीला गेल्या. काचेच्या इमारतीच्या फाटकावर त्यांची पिशवी तपासली, गळ्यात एक बिल्ला घातला. दिग्विजय खाली आला आणि त्यांना कॉफीच्या यंत्राजवळच्या खुर्चीवर बसवलं. तो बारीक झाला होता.

"ताई, प्रोजेक्ट होल्डवर आहे. कॅन्सल नाहीये."

"छप्पर उतरवलंय हो. जूनमध्ये पाऊस येतो, तो होल्डवर राहतो का?"

तो हळूच म्हणाला, त्याच्या मजल्यावरचे चाळीस जण गेल्या महिन्यात घरी गेले होते, फाउंडेशनच्या चार माणसांतला आता तो एकटाच उरला होता. त्यानं वरती पुन्हा लिहायचं कबूल केलं. त्यानं लिहिलंही असावं. मार्चमध्ये त्याचा फोन लागेनासा झाला, आणि कंपनीत विचारलं तेव्हा कळलं की तो तिथं नाही.

मग बाकीची दारं ठोठावून झाली. नगरसेवक आले, पाहून गेले. महापालिकेतल्या वारसा विभागानं सांगितलं की खाजगी ट्रस्टच्या इमारतीला निधी देता येत नाही आणि वारसा यादीत असल्यामुळं परवानगीशिवाय पत्रे टाकता येत नाहीत. बर्व्यांनी वर्तमानपत्रातून आवाहन केलं. शंभर-दोनशे रुपयांचे काही चेक आले, बरोबर लांब लांब पत्रं, माझा जन्म तिथं झाला, माझ्या भावाचा झाला. त्यातून ताडपत्री आली. मंदाकिनीबाईंनी निवृत्तीच्या पैशातून आणखी ताडपत्र्या घेतल्या. वळवाच्या वाऱ्यात त्यातल्या अर्ध्या फाटून नदीकडं उडाल्या.

मेच्या शेवटी नम्रतेचं पत्र आलं. तिला पाच महिने फी मिळाली नव्हती, तरी ती येऊन पाहून गेली होती. तिनं स्पष्ट लिहिलं होतं. छपराचा भार आणि बांधणी गेल्यामुळं मागची भिंत मोकळी उभी आहे. आतली चुना-माती भिजली की भिंत धरणार नाही. भिंतीपासून पंधरा फुटांत कोणालाही बसू देऊ नये.

मंदाकिनीबाईंनी पत्र बर्व्यांना दाखवलं. बर्व्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला. "बायकांना हलवायला हवं," ते म्हणाले. "कुठं, ते आर्किटेक्टबाईंनी लिहिलेलं नाही." आणि पत्र परत दिलं.

मंदाकिनीबाई शालनकडं गेल्या. शेडमध्ये भाकऱ्यांचा धूर होता, बायका घामानं थबथबल्या होत्या. त्यांनी शालनला बाजूला घेऊन सांगितलं की आर्किटेक्ट भिंत धोक्याची आहे म्हणते, दुसरी जागा बघायला हवी. शालन म्हणाली, बघतेच आहे. विश्रांतवाडीला एक गाळा होता, पण अनामत रक्कम मोठी मागत होते. शिवाय डबे इथून पेठांत चालत जायचे, तिथून कसे पोचवायचे? तिनं पंधरा दिवस मागितले. ती जाता जाता वळली.

"पडेल का खरंच?"

मंदाकिनीबाईंनी भिंतीकडं पाहिलं. ती त्यांच्या जन्माच्या आधीपासून उभी होती. "इतक्यात नाही पडायची," त्या म्हणाल्या. "पण बघ तू जागा."

पंधरा दिवसांचा महिना झाला. शालनला त्यांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. जूनमध्ये पाऊस फारसा झालाच नाही. जुलैत लागला आणि चार दिवस खळला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी साडेदहाला भिंत पडली. डबे भरायची वेळ होती, म्हणून बऱ्याच बायका शेडच्या तोंडाशी होत्या. सरुबाई नळाजवळ पोळपाट घेऊन बसली होती. शालन तिच्याकडून पोळ्यांची चळत घ्यायला वाकली होती. मोठा आवाज झाला नाही, असं नंतर सगळ्या सांगत होत्या. ओला ढीग घसरावा तशी भिंत मधोमध खचली आणि वरचा भाग पत्र्यावर आला.

मंदाकिनीबाई पोचल्या तेव्हा अग्निशामक दलाची माणसं पत्रे कापत होती. शालनला आधी काढलं. तिचा उजवा हात कोपरापासून चिरडला होता. ती शुद्धीवर होती आणि गॅस बंद करा, गॅस बंद करा, एवढंच म्हणत होती. सरुबाईला काढायला आणखी पाऊण तास लागला. मंदाकिनीबाईंनी चिखलात गुडघे टेकून तिच्या मानेवर दोन बोटं ठेवली. मग तिचं लुगडं सारखं केलं आणि उठल्या.

संपत वाघोलीला एका कॉलेजात शिपाई होता. तो ससून रुग्णालयात पोचला तेव्हा दोन वाजले होते. आत जाऊन आला आणि मंदाकिनीबाईंच्या समोर बाकावर बसला. त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली. त्यानं घेतली नाही, नाकारलीही नाही. बराच वेळ ती बाटली दोघांच्या मध्ये तशीच राहिली.

संध्याकाळी बर्व्यांच्या घरी वकील आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नम्रतेचं पत्र वाचलं. परिस्थिती अवघड आहे पण हाताबाहेर नाही, म्हणाले. बायकांना जागा सोडायला सांगितलं होतं ना? मंदाकिनीबाईंनी मान डोलावली. मग प्रश्नच नाही, वकील म्हणाले. मे महिन्याच्या तारखेची लेखी नोटीस फायलीत हवी. सांगितल्यावरही त्या बसल्या, म्हणजे विनापरवानगी बसल्या. ट्रस्टवर काही येणार नाही. बर्व्यांनी कोऱ्या लेटरहेडची वही आतून आणली.

"तुम्ही तोंडी सांगितलंच होतं," बर्वे म्हणाले. "ते फक्त कागदावर घ्यायचंय. खोटं काही नाही त्यात."

मंदाकिनीबाईंनाही क्षणभर तसंच वाटलं. वकील समजुतीच्या सुरात बोलत होते, आणि त्या दिवसभराच्या दमल्या होत्या. सही केली असती तर घरी जाऊन आडवं होता आलं असतं. त्यांनी विचारलं, अशी नोटीस निघाली तर संपतला भरपाई मिळेल का? वकिलांनी पेन खाली ठेवलं. विनापरवानगी बसलेल्या माणसाची भरपाई कोण देणार, त्यांनी उलट विचारलं.

मंदाकिनीबाई म्हणाल्या की उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी त्या बर्व्यांकडं न जाता चौकीत गेल्या. फौजदार तरुण होता. त्यानं त्यांना खुर्ची दिली आणि आपण ट्रस्टच्या चिटणीस का, असं विचारून लिहायला घेतलं.

"त्यांना तिथं मी बसवलं," त्या म्हणाल्या. "नळ जवळ होता म्हणून. भिंत धोक्याची आहे हे पत्र मला मेमध्ये आलं. मी शालनला सांगितलं, पण उठवलं नाही. तिनं विचारलं पडेल का, तेव्हा मी इतक्यात नाही पडायची असं म्हटलं."

फौजदार लिहायचा थांबला. "आजी, वकिलाशी बोललात का?"

"बोलले. म्हणूनच इकडं आले."

त्यानं पत्राची प्रत मागितली. ती त्यांनी पिशवीत घालूनच आणली होती.

निष्काळजीपणामुळं मृत्यू, असं कलम लागलं. मंदाकिनीबाईंना अटक झाली, जामीन झाला. बर्व्यांनी जबाबात सांगितलं की असं पत्र आपण पाहिलंच नाही. त्यांनी अध्यक्षपद सोडलं आणि त्यानंतर रस्त्यात मंदाकिनीबाई दिसल्या तर पलीकडच्या फुटपाथवरून जाऊ लागले. फाउंडेशनच्या करारात अपघाताची जबाबदारी ट्रस्टची असल्याचं कलम होतं. कंपनीकडून कोणाला साधं साक्षीलाही बोलावलं गेलं नाही. वर्तमानपत्रांत दोन दिवस बातमी आली. मग स्वाइन फ्लू आला, शाळा बंद झाल्या, माणसं तोंडाला फडकी बांधून हिंडू लागली, आणि सूतिकागृहाचं कोणाला काही राहिलं नाही. त्याच दिवसांत महापालिकेनं उरलेली इमारत धोकादायक म्हणून पाडली. त्याला कोणाच्या परवानगीची गरज पडली नाही. नंबर घातलेले वासे एका ट्रकमधून गेले. कुठं गेले ते ट्रस्टच्या कोणालाच सांगता आलं नाही.

शालनचा हात कापावा लागला नाही, पण तो कणीक मळण्याच्या कामाचा राहिला नाही. तिनं शेवटी विश्रांतवाडीचा तोच गाळा घेतला. सहा बायका तिच्याबरोबर गेल्या, बाकीच्या घरकामाला लागल्या. मंदाकिनीबाई तिला भेटायला गेल्या तेव्हा ती डाव्या हातानं डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवत होती. बसा म्हणाली, चहा मागवला.

"मी तुला उठवायला हवं होतं," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

शालननं चिठ्ठी चिकटवली, अंगठ्यानं दाबली. "तुम्ही उठवलं असतं तर भांडले असते मी," ती म्हणाली. "पण उठले असते. तुमचं ऐकलं असतं, सिस्टर." मग तिनं पुढचा डबा ओढला. मंदाकिनीबाई पुन्हा तिकडं गेल्या नाहीत.

खटला सहा वर्षं चालला. तारखा पडत राहिल्या. मंदाकिनीबाई प्रत्येक तारखेला जायच्या, एकदाही गैरहजर राहिल्या नाहीत. नम्रता साक्षीला आली आणि तिनं जे लिहिलं होतं तेच सांगितलं. बर्वे मधल्या काळात वारले. भरपाईचा दावा वेगळा चालला. त्यात मंदाकिनीबाईंचा जबाब धरून, त्या बायका ट्रस्टच्या संमतीनं तिथं होत्या असं ठरलं, आणि ट्रस्टची बँकेत उरलेली ठेव संपतला आणि शालनला मिळाली. तेवढ्यावर ट्रस्ट संपला.

दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात निकाल लागला. वय आणि प्रामाणिक कबुली पाहून न्यायाधीशांनी दंड आणि न्यायालय उठेपर्यंत कैद, एवढीच शिक्षा दिली. मंदाकिनीबाई पाच वाजेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहिल्या. समोर दुसऱ्यांची प्रकरणं चालली होती, चेकची, भाड्याची. संपतही बसून होता. त्याला बसायची सक्ती नव्हती.

पाच वाजता दोघं बरोबरच बाहेर पडले. पायऱ्यांवर तो थांबला. त्याचे केस आता पुढून पांढरे झाले होते.

"तुम्ही खरं बोललात, म्हणून आमचं घर झालं," तो म्हणाला. "ते मी मानतो. बायको तर म्हणते, सिस्टरांना घरी जेवायला बोलवा."

मंदाकिनीबाईंनी त्याच्याकडं पाहिलं.

"मी नाही बोलावणार," संपत म्हणाला. "मला जमणार नाही. आई उठत नव्हती, तुम्ही तीनदा घरी आलात आणि तिला उठवलंत. मग भिंत पडायला आली तेव्हा एकदासुद्धा आला नाहीत."

त्या हो म्हणाल्या. संपतनं हात जोडले आणि तो शिवाजीनगरच्या गर्दीत गाडी काढायला गेला. मंदाकिनीबाई पायऱ्या उतरल्या. ऊन अजून कडक होतं. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि शनिवार पेठेपर्यंतचा रस्ता चालत धरला, वाटेत दोनदा बसल्या.